ग्रीसची क्रूझ, मध्येच पेटलेलं युद्ध आणि सात रस्त्याजवळचा आमचा एजंट

क्रूझ कशी झाली, असं विचारणारे फोन अजून येतात. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसणं जमत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. कंपन्यांची नावं घेणार नाही. जून २०२५ मध्ये आम्ही घरातले सहा जण ग्रीसच्या बेटांच्या क्रूझवर गेलो होतो. आम्ही दोघं, आमची दोन मुलं आणि सासू-सासरे, म्हणजे आई आणि आप्पा. सहल एकच असली तरी पैसे चौघांना गेले: जहाज कंपनी, विमान कंपनी, विमा कंपनी आणि या तिघांना एकत्र बांधून देणारा सोलापुरातला एजंट. सगळं सुरळीत झालं असतं तर चौघांनाही पाच तारे देऊन मोकळी झाले असते. पण आम्ही बाहेर असतानाच इराण-इस्रायल युद्ध भडकलं, आणि कोण कुठवर सोबत येतं ते बघायला मिळालं.

आई-आप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. हॉल घेऊन जेवणावळ घालण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून कुठेतरी जाऊ, हे मुलांनी काढलं. आईंचे गुडघे दुखतात. रोज बॅगा भरा, बस बदला, हॉटेल बदला, हे त्यांच्याच्यानं होण्यातलं नव्हतं. क्रूझमध्ये खोली एकच राहते आणि गावं आपल्यापर्यंत येतात, हा मुद्दा मला पटला. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, बुकिंग केलं. विमान, व्हिसा सगळं धरून माणशी दोन लाखांच्या आसपास. वर तेव्हा पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर. तो आयकराचं विवरणपत्र भरताना वजा करून मिळतो, त्यामुळे त्याची पावती जपून ठेवा.

आमचा धंदा टेरी टॉवेलचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूम आहेत आणि काही माल युरोपला जातो. त्यामुळे जहाज म्हटलं की माझ्या डोक्यात आधी कंटेनर येतो. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हूथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हापासून न्हावा शेवाहून निघालेला माल सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागला. दहा-पंधरा दिवसांचा उशीर आणि भाडं वेगळं. म्हणून बुकिंगच्या वेळीच मी एजंटना विचारलं होतं, की जहाजानं मार्ग बदलला तर आमच्या पैशांचं काय?

ते म्हणाले, "वहिनी, ते मालाच्या जहाजाचं झालं. प्रवासी जहाजाचं टाइमटेबल रेल्वेपेक्षा पक्कं असतंय की."

हे उत्तर चुकीचं होतं, आणि त्यांच्या सेवेतला सगळ्यात मोठा दोष मी हाच धरते. मे महिन्यात तिकिटाच्या अटींची पीडीएफ आली, ती मी बसून वाचली. कॅप्टनला सुरक्षिततेच्या कारणावरून कुठलंही बंदर गाळता येतं, बदलता येतं, क्रम उलटा करता येतो. त्याबद्दल भरपाई नाही. परत मिळते ती फक्त त्या बंदराची फी. म्हणजे आपण पैसे भरतो ते जहाजातल्या खोलीचे आणि जेवणाचे. ब्रोशरवर बेटांचे फोटो कितीही मोठे असोत, बेटं विकलेली नसतात. अट वाईट आहे असं मी म्हणत नाही. समुद्रात निर्णय कॅप्टननंच घ्यायला हवा. पण ती गिऱ्हाईकाला बुकिंगच्या टेबलावर, मराठीत, तोंडानं सांगितली गेली पाहिजे.

आमच्या मार्गात तुर्कस्तानचं कुशादासी बंदर होतं. पहलगामनंतर, ऑपरेशन सिंदूरनंतर तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून मे महिन्यात तुर्कस्तानावर बहिष्काराची हाक उठली. नातेवाईक म्हणाले, रद्द करा. एजंटनी तेव्हा मात्र काहीही न लपवता हिशेब मांडला: आज रद्द केलं तर निम्म्याहून जास्त पैसे जाणार, आणि आपण रद्द केलं म्हणून जहाज काही कुशादासी टाळणार नाही. ज्याला उतरायचं नाही त्यानं जहाजावर बसायचं. आप्पा म्हणाले, मी उतरणार नाही. विषय तिथे संपला.

निघायच्या आठवड्यात १२ जूनला अहमदाबादला विमान कोसळलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, इस्रायलनं इराणवर हल्ला केला. इराण, इराक, जॉर्डन, इस्रायल यांचं आकाश बंद झालं. आमचं विमान मुंबई-दोहा-अथेन्स. घरात जो तो टीव्हीपुढे. मी स्वयंपाकघरात उभी राहून एजंटना फोन लावला, तर ते आधीच यादी करून बसले होते. दोहा सुरू आहे, विमान वळसा घालून जाणार आहे, उशीर होईल, आता रद्द केलं तर जहाजाचा एक रुपयाही परत नाही. मग म्हणाले, "मी ढकलणार नाही तुम्हाला. आप्पांना विचारा."

आप्पा म्हणाले, "आपल्या गावचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली जहाजात बसून चीनला गेले, तेव्हा तिकडं युद्ध चालू होतं म्हणूनच गेले ना?" तुलना फारच मोठी होती, डॉक्टर सेवेला गेले होते आणि आम्ही हौसेला. पण त्यानंतर घरात कुणी रद्द करायचं नाव काढलं नाही. आई देवासमोर जाऊन सिद्धरामेश्वराला सांगून आल्या. शनिवारी पहाटे वंदे भारत पकडली.

इथे एजंटच्या तीन गोष्टींचं कौतुक करायलाच हवं. त्या जाहिरातीत दिसत नाहीत. जहाज सोमवारी निघणार होतं, तरी त्यांनी आम्हाला रविवारीच अथेन्सला पोचवायचं ठरवलं होतं. जानेवारीत मी कुरकुर केली होती, की एका रात्रीचं हॉटेल कशाला? दोह्याहून विमान इराकवरून न जाता सौदी, तांबडा समुद्र आणि इजिप्तवरून फिरून गेलं. समोरच्या नकाशावर तो वळसा दिसत होता. आधीच उशिरा सुटलेलं, त्यात लांबचा रस्ता. आम्ही त्याच दिवशी जहाज गाठायच्या बेतात असतो तर जहाज बंदरातून गेलेलं असतं. दुसरं, व्हिसासाठी अर्ज करताना त्यांनी परतीच्या तारखेपुढचे काही दिवस जास्तीचे मागितले होते. आणि तिसरं, आप्पांचं इन्सुलिन. "लागतंय त्याच्या दुप्पट घ्या, चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून घ्या, आणि सगळं हँडबॅगेत," हे त्यांनी निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करून सांगितलं.

आता जहाजाविषयी. अथेन्सजवळच्या पिरेयसच्या बंदरावर जहाज पहिल्यांदा दिसलं तेव्हा मुलं गप्पच झाली. आत गेल्यावर पहिलं काम सुरक्षेच्या सरावाचं: भोंगा वाजला की कुठल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं. हा सराव सक्तीचा असतो आणि चुकवू देत नाहीत. आईंना जिना नको म्हणून खोली लिफ्टजवळची मागितली होती, ती मिळाली. खोल्या लहान, पण एक इंच जागा वाया घालवलेली नाही. इन्सुलिनसाठी वेगळा छोटा फ्रिज मागितला, तासाभरात आणून लावला.

टॉवेलबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. रोज संध्याकाळी खोली आवरणारा मुलगा टॉवेलचा हत्ती नाहीतर ससा करून पलंगावर ठेवायचा. मुलं फोटो काढायची, मी तो उलगडून किनार बघायची. जड माल होता, चौरस मीटरला ५०० ग्रॅमच्या वरच असणार. रोज यंत्रात धुऊनही लूप ओढले गेलेले नव्हते, आणि कोपऱ्याची शिलाई दुहेरी होती. लेबल धुऊन पुसट झालेलं, त्यामुळे कुठला ते कळलं नाही. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय मानांकन आहे, आणि अशा जहाजांना शेकड्यांनी टॉवेल लागतात. घरी आल्यावर मी त्या मापाचा नमुना काढायला सांगितला आहे. पोहण्याच्या तलावाचे टॉवेल मात्र कार्डावर मोजून देतात आणि हरवला की दाम घेतात, हे मुलांना आधीच बजावा.

जेवणात शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. बुफेत रोज एक डाळ, भात, दोन-तीन भाज्या, सॅलड आणि फळं भरपूर. वाढणाऱ्यांत मालवणचा एक मुलगा होता. आमचं मराठी ऐकून तो आपणहून आला आणि दुसऱ्या दिवसापासून आईंसाठी साधं वरण आतून करून आणायला लागला. आम्ही पाकीटबंद शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेली होती. दूध-तुपाचे पदार्थ आणि मांस युरोपात नेता येत नाही, त्यामुळे पेढे, तुपातले लाडू घरीच ठेवून जा. इंटरनेट महाग, आणि समुद्रात दुसरा पर्याय नाही. युद्धाच्या बातम्या बघण्यासाठी लोक रांगा लावून पॅकेज घेत होते. त्या आठवड्यात तरी कंपनीनं सगळ्यांना घरी निरोप पाठवण्यापुरतं फुकट द्यायला हवं होतं. हे मी त्यांच्या फॉर्मवरही लिहून दिलं.

कुशादासीला आप्पा आणि हे जहाजावर थांबले. मुलं, आई आणि मी उतरलो. जवळच्या प्राचीन एफेसस नगरातली ती सेल्ससच्या ग्रंथालयाची दगडी भिंत बघून लेक म्हणाली, आप्पांनी हे बघायला हवं होतं. मीही तेच म्हणते, पण त्यांचा निर्णय त्यांचा.

ऱ्होड्सच्या वाटेवर असताना दुपारी कॅप्टनची घोषणा झाली. पुढचं बंदर सायप्रसचं लिमासोल होतं. आजूबाजूच्या परिस्थितीमुळे जहाज तिकडे जाणार नाही, त्याऐवजी ऱ्होड्समध्ये मुक्काम वाढवत आहोत. घोषणा ग्रीकमध्ये आणि भराभर इंग्रजीत. आईंनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, सावध माणूस आहे.

सगळ्यांनाच बरं वाटलं नव्हतं. आमच्या शेजारच्या टेबलावर हैफाचं एक वयस्कर जोडपं बसायचं. फिरायला म्हणून ग्रीसमध्ये आलेले. इस्रायलची विमानं बंद झाली आणि ते तिकडेच अडकले. सायप्रसहून इस्रायलला बोटी जात होत्या, म्हणून त्यांनी मुद्दाम लिमासोलला जाणारं हे जहाज धरलं होतं. त्यांच्यासाठी ती क्रूझ म्हणजे घरची वाट होती. घोषणेनंतर त्या आजी चमचा हातात धरून तशाच बसून राहिल्या. मुलगी आणि नातवंडं तिकडे होती. आईंना इंग्रजी येत नाही आणि त्या आजींनाही जेमतेमच, पण आई आपली खुर्ची उचलून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मी माहितीच्या काउंटरवर रांगेत उभी होते. दीड तास. तिथे कुणी आवाज चढवून पैसे मागत होतं, कुणी दुसऱ्या बंदराचा हट्ट धरत होतं. पलीकडची मुलगी प्रत्येकाला तेच उत्तर न थकता देत होती: पोर्टची फी खात्यात जमा होईल, जहाजाकडून घेतलेल्या सहलींचे पूर्ण पैसे परत मिळतील.

आणि दोन्ही झालं. शेवटच्या बिलात लिमासोलची फी खोलीनिहाय वजा होऊन आली. कुणाला अर्ज करावा लागला नाही. पण आमची लिमासोलची सहल जहाजाकडून घेतलेली नव्हती. एजंटनी स्वस्त पडते म्हणून बाहेरच्या वेबसाइटवरून सहा जणांची गाडी आगाऊ पैसे भरून ठरवली होती. तिचे पैसे अडकले. बंदरावरच्या सहली बाहेरून घ्याव्यात की जहाजाकडून, यावर लोक नेहमी वाद घालतात. बाहेरची स्वस्त असते, खरं आहे. पण घेताना एकच गोष्ट लेखी मागा: जहाज बंदराला लागलंच नाही तर पूर्ण पैसे परत. जो देत नाही त्याच्याकडे जाऊ नका.

ऱ्होड्सचा जास्तीचा मुक्काम हा मला सगळ्या सहलीचा सगळ्यात सुंदर भाग वाटला. एरवी जहाज सकाळी लागतं आणि संध्याकाळी सुटतं, त्यामुळे सगळी गर्दी एकाच वेळी गावात. इथे रात्री जेवून आम्ही पुन्हा खाली उतरलो. जुनं गाव तटबंदीच्या आत आहे. सेंट जॉनच्या सरदारांनी बांधलेलं, १९८८ पासून युनेस्कोच्या यादीत. दिवसभराच्या टोळ्या गेलेल्या, दगडी रस्ता अजून कोमट, दुकानदार खुर्च्या बाहेर टाकून बसलेले. आईंना चालवेल तेवढं चाललो. आप्पा तटाची रुंदी पावलांनी मोजत होते आणि आपल्या भुईकोटाशी ताडून बघत होते.

सँटोरिनीबद्दल थोडक्यात. जहाज बाहेर पाण्यात उभं राहतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. वर गावात जायला केबल कार, खेचरं, नाहीतर ५८८ पायऱ्या. गुडघेदुखीवाल्यांनी केबल कारच घ्यावी आणि रांगेसाठी वेळ धरावा. २०२५ पासून तिथे रोजच्या क्रूझ प्रवाशांवर आठ हजारांची मर्यादा घातली आहे, तरी गर्दी भरपूर होती. वर्षाच्या सुरुवातीला तिथे भूकंपाचे हजारो धक्के बसून हजारो लोक बेट सोडून गेले होते, ते जूनमध्ये कुठे जाणवलंही नाही. तिथला फावा जरूर खा. पिवळ्या डाळीचा, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल. जवळजवळ आपलं घट्ट पिठलंच.

२३ जूनला, सोमवारी सकाळी, पिरेयसला उतरलो. त्या हैफाच्या आजींनी आईंच्या हातात एक रुमाल दिला. त्या पुढे कशा गेल्या ते कळलं नाही. आदल्या दिवशी अमेरिकेनं इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले होते, आणि टॅक्सीवाल्यापासून सगळे त्याच विषयावर. आमचं दोह्याचं विमान संध्याकाळचं. बॅगा देऊन, इमिग्रेशन करून गेटवर बसलो होतो. सातच्या सुमारास फलकावर 'उशीर' आलं. तेवढ्यात दोह्यात असलेल्या माझ्या मावसभावानं व्हिडिओ पाठवला. काळ्या आकाशात दिव्यांच्या रेषा वर चढताहेत, एकमेकींना भिडताहेत, आणि मागे त्याच्या बायकोचा आवाज, "आत या, आत या ना." इराणनं अल उदेदच्या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रं सोडली होती. कतारनं आकाश बंद केलं होतं. थोड्या वेळानं फलकावर 'रद्द'.

गेटवर एकच गलका. विमान कंपनीच्या काउंटरवर दोन माणसं आणि समोर दोन-अडीचशे प्रवासी. ॲपमध्ये आपोआप नवीन बुकिंग आलं: आमच्यातल्या चौघांना एका दिवशी, आणि आई-आप्पांना दुसऱ्याच दिवशी. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं, एक इन्सुलिनवर, एक गुडघ्यानं अधू, आणि संगणक त्यांना वेगळं पाठवत होता. ह्यांनी शेजारच्या एका कंपनीची इस्तंबूलमार्गे तिकिटं बघायला सुरुवात केली. सहा जणांचे भाव बघून पोटात गोळा आला.

मी एजंटना फोन लावला. सोलापुरात रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाले, "वहिनी, बातमी बघतोय. पहिलं, नवीन तिकीट अजिबात काढायचं नाही. दुसरं, ॲपमधलं ते बुकिंग स्वीकारायचं नाही. तिसरं, काउंटरवर जाऊन रद्द झाल्याचं लेखी मागा आणि हॉटेल मागा. युरोपातून विमान सुटणार होतं, त्यामुळे हॉटेल आणि जेवण द्यायला ते बांधलेले आहेत."

मग त्यांनी नियमाचा क्रमांकच पाठवला: युरोपियन युनियनचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम. विमान कंपनी युरोपातली असो वा नसो, विमान युरोपियन युनियनच्या विमानतळावरून सुटणार असेल तर हा नियम लागतो. युद्धासारख्या कारणानं रद्द झालं तर रोख भरपाई मिळत नाही, पण पैसे परत किंवा दुसरं विमान यातलं एक निवडण्याचा हक्क राहतो, आणि दुसरं विमान मिळेपर्यंत राहणं-खाणं कंपनीकडे. काउंटरवर मी तो क्रमांक दाखवला. त्या बाईंनी वाद घातला नाही. व्हाउचर लिहून दिली आणि बाहेर कुठली बस पकडायची ते सांगितलं. ज्यांनी मागितलं नाही, ते रात्रभर बाकांवर झोपले. मी जमेल तेवढ्या जणांना तो क्रमांक दाखवला.

हॉटेल विमानतळापासून अर्ध्या तासावर, समुद्राकाठी. पोचेपर्यंत मध्यरात्र झाली. खोलीत कार्ड काढलं की सगळी वीज जाते, फ्रिजसुद्धा, हे लेकीच्या लक्षात आलं. आप्पांचं इन्सुलिन त्यात. रिसेप्शनकडून जास्तीचं कार्ड घेऊन ते खाचेत कायमचं लावून ठेवलं. रात्री एकच्या पुढे ट्रम्पनी युद्धबंदी जाहीर केल्याची बातमी आली. आई झोपेतच "हर्र बोला हर्र" म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. दोह्याचं आकाशही तोवर उघडलं होतं, पण जगभर विखुरलेली विमानं आणि माणसं जागेवर यायला वेळ लागणार होता.

पुढचे दोन दिवस एजंटनी विमान कंपनीच्या मुंबई ऑफिसचा पिच्छा सोडला नाही. सहाही जण एकाच पीएनआरवर होते, हा त्यांचा मुद्दा. सहा वेगळी तिकिटं असती तर तो मुद्दाच उरला नसता. आणि मुंबई-अथेन्स एकाच कंपनीचं सलग तिकीट होतं, म्हणून आम्हाला मुंबईपर्यंत पोचवणं त्यांच्याच गळ्यात होतं. पहाटे व्हॉइस मेसेज आला, आवाज बसलेला: "सहाही जण, गुरुवारी, एकाच विमानात. आई-आप्पांना व्हीलचेअर टाकलीय." गुरुवारी निघालो, दोह्यात गर्दीतून वाट काढत पुढचं विमान धरलं. मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर. सकाळी स्टेशनवर ते स्वतः आप्पांची बॅग घ्यायला उभे होते.

विमा कंपनीकडून मात्र काही आलं नाही. पॉलिसीत विमान रद्द झाल्यास आणि उशीर झाल्यास पैसे लिहिले होते. दावा भरला, महिन्यानं उत्तर आलं: कारण युद्ध, आणि युद्ध, मग ते जाहीर झालेलं असो वा नसो, अपवादात. पॉलिसी काढून बघितली, तसं छापलेलं आहे. बारीक अक्षरात, शेवटून दुसऱ्या पानावर. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, त्यामुळे विमा टाळता येत नाही. आणि परदेशात आजारी पडलात तर तो उपयोगाचाच आहे. पण युद्धानं खोळंबा झाला तर हीच पॉलिसी तुम्हाला पैसे देईल, अशा भरवशावर राहू नका. विकणाऱ्यानं हे सांगायला हवं, आणि विकणारे आमचे एजंटच होते.

लिमासोलच्या गाडीचे पैसे? वेबसाइटनं हात वर केले. एजंटनी गणपतीच्या आधी निम्मे स्वतःच्या खिशातून दिले आणि उरलेल्यांसाठी त्यांच्याशी अजून मेल चालू आहेत. मी दर पंधरा दिवसांनी आठवण करते आणि करत राहणार.

तारे द्यायचेच तर जहाजाला चार. इंटरनेटचा आणि माहितीच्या काउंटरवरच्या रांगेचा एक कापला. कॅप्टननं बंदर गाळलं याचा नाही. विमान कंपनीला तीन: हॉटेल आणि जेवण दिलं, पण मागितल्यावर, आणि म्हाताऱ्या माणसांना वेगळं काढायला संगणक मोकळा सोडला. विमा कंपनीला एक. एजंटला चार. बुकिंगच्या वेळी दिलेलं ते चुकीचं उत्तर आणि ती बाहेरची गाडी नसती तर पाचही दिले असते. मोठ्या कंपनीकडून बुक केलं असतं तर माणशी थोडे पैसे वाचले असते, हे मी तेव्हाच हिशेब करून बघितलं होतं. पण अथेन्समध्ये शेजारी उभ्या असलेल्या पुण्याच्या कुटुंबाचा फोन त्या रात्री हेल्पलाइनवर तासभर होल्डवर होता, आणि आमचा सात रस्त्याजवळ वाजला आणि उचलला गेला.

डिसेंबरात माझी नणंद सिंगापूरहून क्रूझला निघाली आहे. तिला मी त्याच ऑफिसात घेऊन गेले. एजंटनी अटींचं पान आपणहून पुढे ठेवलं आणि बंदर गाळण्याचं कलम बोटानं दाखवून मराठीत समजावून सांगितलं. सहली जहाजाकडूनच घ्यायच्या ठरल्या, आणि विम्याची तुलना करायला आम्ही दोन दिवसांची मुदत मागून घेतली आहे.